सेपरेट प्री आणि माझं टेबल

हे मी सांगायचं नव्हतं. आईने बजावलंय, बाबांनी बजावलंय, आणि मामाने तर जाता जाता याच जिन्यात थांबून, चपलेचा अंगठा नीट करत करत, "उमे, घरातली गोष्ट घरात" असं म्हटलंय. पण तुम्हीच सांगा, घरात गोष्ट ठेवायला जागा आहे का? मला बसायला जागा नाही तिथे गोष्ट कुठे ठेवू? मी इथे पायऱ्यांवर बसलेय ते काही हौस म्हणून नाही. दहावीचं वर्ष आहे, प्रिलिम तोंडावर आलीय, भूमितीचं पुस्तक एका पायरीवर, वही खालच्या पायरीवर, कंपासपेटी त्याच्याही खाली, आणि जो येतो तो कंपासपेटीवरून पाय उचलत विचारतो, "काय गं, आईने बाहेर काढलं वाटतं?" मी नुसती मान हलवते. मला नाही बोलता येत लोकांशी. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय. फक्त जरा हळू हं, ते समोरचं दार कुंदाकाकूंचं आहे, आणि नेमकं त्यांनाच कळायला नको.

आधी टेबलाबद्दल सांगते. कारण आमच्याकडे बाकी सगळे प्रीअँपबद्दलच सांगतात, टेबलाबद्दल कोणी सांगतच नाही.

माझे बाबा रंगाच्या कंपनीत आहेत. भिंतीचे रंग नाहीत, कापडाचे. तिथे त्यांचं काम काय, तर नवीन घाण्यातला रंग जुन्या नमुन्याशी जुळतो का ते बघायचं. दोन चिंध्या घ्यायच्या, उत्तरेकडच्या खिडकीत जायचं, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "हा जरा पिवळ्याकडे झुकतोय." मला आणि तुम्हाला त्या दोन्ही चिंध्या सारख्याच दिसतील, पण बाबांना तशा दिसत नाहीत. ते घरीसुद्धा तसेच. आईने आमटी वाढली की आधी वाटी खिडकीकडे धरतात आणि म्हणतात, "कालच्यापेक्षा फिकी आहे." आई म्हणते, "कालचीच आहे."

तर त्यांच्या लॅबमधलं एक जुनं टेबल निघालं, ते बाबांनी माझ्यासाठी आणलं. दहावीसाठी. जाडजूड, काळपट, वर चढवताना हमालांनी प्रत्येक वळणावर ते खाली ठेवून आमच्या दहावीला नावं ठेवली. त्याच्यावर निळे, किरमिजी, हिरवे डाग आहेत, कितीही पुसले तरी न जाणारे. त्यातला एक डाग अगदी गुलबक्षीच्या फुलासारखा आहे. त्याच्यावर मी शाईची दौत ठेवायचे. खिडकीपाशी टेबल, समोर अंबरनाथ पश्चिमेची सगळी छपरं, डोक्यावर दिवा. बाबा म्हणाले होते, "उमा, हे तुझं. याला घरात दुसरं कोणी हात लावणार नाही." असं म्हणाले होते. मी स्वतः ऐकलंय. प्रीशिवाय ऐकलंय.

आता दिनानाथमामा. आईचा थोरला भाऊ, बदलापूरला राहतो, विमा कार्यालयात नोकरी. दर रविवारी आमच्याकडे गाणं ऐकायला येतो, कारण मामीला घरात मोठा आवाज चालत नाही. आमच्याकडे चालतो असं मामीला वाटतं. तर बाबांनी उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या टहिलरामशेठच्या दुकानातून एक अँप्लिफायर बांधून घेतला होता, तो शोकेसमध्ये, त्याच्या शेजारी तबकडीचा प्लेअर, दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, आणि मधे आम्ही. सगळं छान चाललं होतं. गाणं लागायचं, संपायचं, चहा व्हायचा. एका रविवारी मामाने चहाचा कप खाली ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "गुरुदत्तराव, सगळं चांगलंय तुमचं. पण प्री कुठाय?"

बाबा म्हणाले, "काय कुठाय?"

"प्री. प्रीअँप्लिफायर. सेपरेट."

तुम्हाला सांगते, त्या एका शब्दाने आमच्या घराची घडी विस्कटली. मामाचं म्हणणं काय, तर तबकडीवरून सुईतून येणारा आवाज म्हणजे नुकतं जन्मलेलं बाळ, इवलंसं. "ते एकदम एवढ्या थोराड अँप्लिफायरच्या हातात देतात का? आधी कोणी अंगावर घ्यायला नको? न्हाऊमाखू घालायला नको? ते काम प्रीचं." आणि बाबा म्हणणार, "अहो, आवाज मोठा करायला अँप्लिफायर आहे ना? मग त्याच्या आधी थोडासा मोठा करणारा दुसरा कशाला? म्हणजे जेवणाआधी थोडंसं जेवायचं?" मामा म्हणणार, "त्यालाच फराळ म्हणतात." आणि आई आतून म्हणणार, "कोणाला फराळ हवाय? आत्ता तर पोहे झाले."

मी काय बोलणार? मी टेबलाशी बसून प्रमेय लिहीत होते. मला वाटलं, मोठ्यांचं काहीतरी आहे, आपल्याला काय त्याचं.

पुढच्या रविवारी मामा कापडी पिशवीतून एक पत्र्याची पेटी घेऊन आला. पुढे चार बटणं, एक हिरवा दिवा. टहिलरामशेठकडूनच आणली होती. "तुम्हाला भेट," म्हणाला, "वापरा आणि मग बोला." ती पेटी शोकेसमध्ये अँप्लिफायरच्या शेजारी ठेवली, वायरी जोडल्या, आणि स्पीकरमधून आवाज आला... हुंऽऽऽ. गाणं नाही हो, नुसतं हुं. जसं काही घरात एखादा म्हातारा माणूस सगळ्याला नकार देत बसलाय. बाबा म्हणाले, "हा तुमचा प्री?" मामा जराही डगमगला नाही. म्हणाला, "अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जवळ आहे ना, त्याची बाधा होतेय. लांब ठेवा. सेपरेट म्हणजे सेपरेट. एकाच फळीवर ठेवायचा तर त्याला सेपरेट कशाला म्हणायचं?"

मग दोघेही खोलीत नजर फिरवायला लागले. आमची बाहेरची खोली केवढी, तर आत आल्यावर दार लावायला एकाला खाटेवर बसावं लागतं. त्यांची नजर खाटेवर गेली, आईच्या शिवणयंत्रावर गेली, आईने आतून नुसतं खोकून दाखवलं, तिथून नजर उठली, आणि हळूहळू, तुम्हाला सांगते, ती माझ्यावर येऊन थांबली. माझ्यावर म्हणजे माझ्या टेबलावर.

मामा म्हणाला, "उमे, जरा ऊठ बाळ."

जरा. गणपती नुकतेच झाले होते तेव्हाचं हे 'जरा'. दिवाळी होऊन गेली.

बरं, पेटी एकटी आली का? नाही. प्लेअरची वायर आखूड, ती शोकेसपासून टेबलापर्यंत पोचेना, म्हणून प्लेअरही टेबलावर आला. प्लेअर आला म्हणून तबकड्या आल्या, तबकड्या आल्या म्हणून त्या पुसायचं मखमलीचं फडकं आलं. गुलबक्षीच्या डागावर मामाचा चहाचा कप आला. त्या दिवशी हुं थोडं कमी झालं, गाणं सुरू झालं, मामाने मांडीवर ताल धरला, बाबा भिंतीकडे बघत बसले. सगळं झालं. आणि माझं टेबल?

मी आधी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसले, तिथे फोडणी उडून बीजगणिताच्या वहीला मोहरी चिकटली. मग खाटेवर बसले, तर बाबा म्हणाले, "तू मधे बसलीस की डावा स्पीकर अडतो." मी स्पीकर अडवते. एवढीशी मी. मग इथे आले.

आता बाबा गप्प बसणारे नाहीत. त्यांचं रोज चाललेलं, "मला तर काही फरक वाटत नाही." आणि मामाचं दर रविवारी, "कान तयार लागतो." हे वाक्य बाबांना फार झोंबलं. डोळे तयार असलेल्या माणसाला कान तयार नाही म्हणायचं म्हणजे काय? शेवटी एका रविवारी बाबा उभे राहिले, कंपनीत उभे राहतात तसे असणार, आणि म्हणाले, "भावना बाजूला ठेवू. पॅनेल बसवू."

त्यांच्या कंपनीत पॅनेल असतं. रंगाबद्दल वाद झाला की जाणकारांना बोलवायचं, तीन चिंध्या दाखवायच्या, कोणती कोणत्या घाण्यातली ते कुणालाच सांगायचं नाही, आणि ज्याने त्याने आपलं मत द्यायचं. पॅनेलचा निर्णय शेवटचा. मग साहेबांचंही काही चालत नाही. बाबांनी ठरवलं, तसंच करायचं. एकच तबकडी तीनदा लावायची. मधे एक खटका बसवायचा, तो इकडे केला की गाणं प्रीमधून, तिकडे केला की प्रीशिवाय. कधी कुठे, ते पॅनेलला सांगायचं नाही.

पॅनेल कोण? मामा. समोरचे शशिकांतकाका, कुंदाकाकूंचे मिस्टर, बँकेत आहेत, शेवटी जो बोलेल त्याचं त्यांना पटतं. मोतीबाई, म्हणजे आमच्या घरमालकीण, ही बिल्डिंग उभी आहे ते त्यांचं भाताचं शेत होतं, भाडं घ्यायला आल्या होत्या त्यांना बाबांनी बसवून घेतलं. आणि चौथे बाबा स्वतः, कारण बाबांशिवाय पॅनेल कसं होणार?

मग खटका कोण फिरवणार? ज्याला बोलता येत नाही असं घरात कोण आहे? सगळे माझ्याकडे वळले.

खिडकीच्या गजापासून कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधली, त्याच्यावर आईची फुलांची चादर टाकली, आणि मी चादरीच्या मागे. माझ्याच टेबलापाशी. म्हणजे बघा, इतक्या आठवड्यांनी टेबलाशी उभी होते, आणि कशासाठी, तर प्रीच्या सेवेसाठी. कधी कसा खटका ठेवायचा ते बाबा सांगू शकत नव्हते, ते पॅनेलमध्ये. म्हणून बाबा म्हणाले, "कुमुद, तू ठरव आणि उमाला कानात सांग. आम्हाला कळता कामा नये."

आई पदराला हात पुसत चादरीमागे आली. आता तुम्हाला एक सांगायला हवं. त्याच आठवड्यात ती पेटी पुसताना आईला मुंग्या आल्या होत्या. विजेच्या. अगदी बारीक, पण कोपरापर्यंत. तिने बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, "स्टॅटिक असेल," आणि मामाला सांगितलं तर मामा म्हणाला, "बघ, किती जिवंत आहे." तेव्हापासून आई त्या पेटीकडे नागाकडे बघावं तशी बघायची. तर आई चादरीमागे आली, खटक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कानात म्हणाली, "हात लावायचा नाही. कशालाच. सुई तेवढी ठेव, आणि प्रत्येक वेळी नुसतं 'हं, झालं' म्हण. आणि हे कुणाला बोलायचं नाही, दादा दुखावेल." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून गेली.

मी काय करणार? आईचं ऐकायचं की पॅनेलचं? तुम्ही काय केलं असतं?

पहिल्यांदा सुई ठेवली. तबकडीवरच्या गाणाऱ्या बाईंचा यमन. संपला. मी म्हटलं, "हं, झालं." दुसऱ्यांदा सुई ठेवली. तोच यमन, तीच बाई, तोच खटका जिथल्या तिथे, प्रीच्या बाजूला. "हं, झालं." तिसऱ्यांदा. "हं, झालं." मला वाटलं, आता बाहेर सगळे म्हणतील, अरे, काहीच फरक नाही, उचला ती पेटी. मी मनातल्या मनात दौत कुठे ठेवायची ते सुद्धा ठरवलं.

बाहेरून मामाचा आवाज आला, घोगरा, भरून आलेला. "दुसरा. दुसरा प्रीचा. काय तो गंधार... बाई समोर येऊन बसली हो." लगेच बाबा, "छे. दुसरा कोंदलेला होता. पहिला स्वच्छ, पहिला प्रीशिवायचा. तिसरा किंचित पिवळ्याकडे झुकत होता." आवाज, पिवळ्याकडे. मामा म्हणाला, "म्हणजे फरक आहे, हे तुम्ही कबूल करता." बाबा म्हणाले, "फरक आहे, पण वाईट आहे." शशिकांतकाका म्हणाले, "दुसरा... म्हणजे दिनानाथराव म्हणतात तसा... खुलून होता खरा." आणि मोतीबाई? त्या इतका वेळ भिंतीला टेकून पान जमवत होत्या. म्हणाल्या, "तिसऱ्या टायमाला दमली ती बाय. तीन तीन येला गायाला लावलंव तिला, दमंल नाय तं काय?"

बाबांनी मतं मोजली. फरक आहे, सर्वानुमते. दुसरा उत्तम, मामा आणि शशिकांतकाका. मोतीबाईंना विचारलं, दुसऱ्याला बाई दमली होती का, त्या म्हणाल्या, "नाय, तवा ताजी व्हती." झालं. बहुमत. बाबा तोंड एवढंसं करून म्हणाले, "पॅनेलचा निर्णय शेवटचा. प्री राहील."

आणि माझं टेबल?

मी चादरीमागे उभी. माझ्या तोंडात एक वाक्य, नुसतं एक वाक्य, आणि ते बाहेर पडलं असतं तर त्याच क्षणी पेटी खाली आणि वह्या वर. पण चादरीच्या फटीतून मामाचा चेहरा दिसत होता. एवढा आनंदी मामा मी त्याच्या बढतीच्या दिवशीही बघितला नव्हता. आणि आई दारात उभी राहून माझ्याकडे डोळे मोठे करत होती. गिळलं मी ते वाक्य. अजून घशात आहे.

पुढच्याच आठवड्यात शशिकांतकाका टहिलरामशेठकडे गेले आणि तशीच पेटी घेऊन आले. हो. आता ती त्यांच्या टीव्हीवर असते, वर क्रोशाचा रुमाल. कुंदाकाकू सगळ्यांना सांगतात, "ह्यांचा कान पहिल्यापासून तयारच, त्या चाचणीत सिद्धच झालं ना." म्हणून म्हटलं, हळू बोला.

आता तुम्ही म्हणाल, मग हा निर्णय उलटला कसा? हुंमुळे. पॅनेल होऊन गेलं तरी हुं काही गेलं नाही, उलट वाढलं. कमी स्वरात गाणं असलं की बाईच्या आधी तंबोरा, तंबोऱ्याच्या आधी हुं. तिसऱ्या दिवशी बाबांनी अँप्लिफायर शोकेसमधून काढला, जुन्या धोतरात गुंडाळला, माझ्या मांडीवर ठेवला, आणि आम्ही रिक्षाने कॅम्प एकला. सबंध रस्ताभर मांडीवर ते ओझं. माझ्या मांडीवर अँप्लिफायर, माझ्या टेबलावर प्री. मी कुठे कुठे पुरणार?

टहिलरामशेठचं दुकान म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं असं. वर छतापासून वायरी लोंबलेल्या, खाली पेट्या, मधे टहिलरामशेठ, पांढरा लेंगासदरा, समोर स्टुलावर चहा. बाबांनी आधी हिंदीत खूप लांब प्रस्तावना केली. पॅनेल, नमुने, बहुमत, सगळं. टहिलरामशेठने सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चाय पियो साईं."

बाबा म्हणाले, "चाय नको. वो... नहीं चाहिए. सच बताओ. अलग प्री लगता है क्या?"

टहिलरामशेठ म्हणाले, "लगाओ तो लगता है. नहीं लगाओ तो नहीं लगता."

बाबांच्या कंपनीत असं उत्तर कोणी देत नाही. मग टहिलरामशेठने पेचकस घेतला, बोलता बोलता अँप्लिफायरचं झाकण उघडलं, आणि आतल्या एका छोट्या हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. "ये देखो. प्री तो अंदर पड़ा है. पहले दिन से. प्री के ऊपर प्री लगाओगे, तो हुं तो करेगा ना?"

बाबा म्हणाले, "अंदर था? तो फिर बाहर का क्यों बेचा?"

"हमने कहाँ बेचा साईं? वो बदलापुरवाले भाई आए, बोले प्री दो. हमने दिया. चाय माँगते, चाय देते."

परत येताना रिक्षात मी बाबांकडे बघत होते, चिखलागत तोंड घेऊन निघालेला माणूस स्टेशनपर्यंत येईस्तोवर हळूहळू उजळत गेला. जिंकले होते ना ते. आणि माझ्या तर मनात शाईची दौत, कंपासपेटी, दिवा... सगळं परत मांडून झालं होतं.

रविवारी मामा आला. बाबांनी त्याला आधी चहा पिऊ दिला, एवढी माणुसकी दाखवली, आणि मग झाकण उघडून ती हिरवी पट्टी दाखवली. मामा खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आतला प्री म्हणजे काही सेपरेट नव्हे."

"सेपरेट लागतच नाही."

"मग पॅनेलने फरक कसा ओळखला? तुम्हीसुद्धा ओळखलात. पिवळ्याकडे झुकत होता म्हणालात. उमे, इकडे ये. कोणत्या वेळी खटका फिरवलास? दुसऱ्याच ना?"

मी आईकडे बघितलं. आई पोळी लाटायची थांबली, लाटणं हातात घेऊन बाहेर आली, आणि म्हणाली, "तिने कधीच फिरवला नाही. मीच नको म्हटलं होतं. शॉक लागतो त्या पेटीचा."

मामा म्हणाला, "तिन्ही वेळा..."

"तिन्ही वेळा तेच होतं, दादा."

बाबा जिंकले होते, पण आपणही पिवळ्याकडे झुकलो होतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण तेही खाली बघायला लागले. मामाने ती पेटी उचलली, पिशवीत घातली, पिशवीचे बंद नीट बांधले. मग अगदी हळू म्हणाला, "पण कुमुद, दुसऱ्या वेळी मला जे ऐकू आलं ते काय होतं गं?"

आई म्हणाली, "तुला यमन आवडतो. पहिल्यांदा तू यांच्याशी भांडायच्या तयारीत बसला होतास. दुसऱ्यांदा गाणं ऐकलंस."

तुम्हाला सांगते, मामा मला कितीही छळत असला तरी त्या वेळी मला त्याचा राग नाही आला. बाबांनी स्वतः उठून त्याच्यासाठी आणखी चहा आणला. मग एकच प्रश्न उरला, शशिकांतला कोणी सांगायचं? बाबा म्हणाले, मला नाही जमणार. मामा म्हणाला, मी पाहुणा माणूस. आई म्हणाली, कुंदाने रुमाल विणलाय त्याच्यावर, मी कोणत्या तोंडाने सांगू? मग ठरलं, कोणीच सांगायचं नाही. आणि तिघांनी मिळून मला बजावलं, जसं काही मीच गावभर बोलत हिंडते.

असो. पेटी गेली. माझं टेबल मला मिळालं.

एक संध्याकाळ.

प्लेअर परत शोकेसमध्ये गेला होता ना, तर बाबांनी यमन लावला, मामा डोळे मिटून बसला, आणि पलीकडे कुंदाकाकूंनी खलबत्त्यात दाण्याचं कूट कुटायला घेतलं. ठण्. सुई उडाली. बाई विलंबितातून एकदम द्रुतात. बाबा बघायला उठले, त्यांच्या चालण्याने शोकेस हललं, बाई परत विलंबितात. ठण्. द्रुत. मामाने डोळे उघडले आणि म्हणाला, "गुरुदत्तराव, टेबलावर होता तेव्हा एकदाही उडाली नव्हती सुई."

मला वाटलं, बाबा आता काहीतरी विरुद्ध बोलतील. गेले कित्येक रविवार ते मामाच्या विरुद्धच बोलतायत, आजच का नाही? पण बाबा म्हणाले, "निरीक्षण बरोबर आहे." आणि दोघं एकमेकांकडे बघून चक्क हसले. बाबा म्हणाले, "सेपरेट प्री नको होता हो आपल्याला. सेपरेट टेबल हवं होतं. वायर लांब घेऊ." इतक्या महिन्यांनी त्यांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं, आणि ते झालं माझ्या टेबलावर. आता मी काय बोलणार? मी बोलले असते तर परत भांडण लागलं असतं आणि आई म्हणाली असती, झालं, मिटलं होतं ते उकरून काढलंस.

तरी आईने विचारलं. आईनेच विचारलं, "आणि पोरीने कुठे बसायचं?"

तर बाबा म्हणाले, "भावना बाजूला ठेवू. चाचणी घेऊ." तुम्हाला खोटं वाटेल, पण खरंच घेतली. इतिहासाचे दोन धडे. एक टेबलावर वाचायचा, नमुना अ. एक जिन्यात वाचायचा, नमुना ब. मग पॅनेलने तोंडी प्रश्न विचारायचे, कोणता कुठे वाचला ते पॅनेलला सांगायचं नाही. पॅनेल तेच. मोतीबाई परत भाड्याला आल्या होत्या. मी उभी राहून उत्तरं दिली, खाली बघून, आणि मामा म्हणाला, "दुसऱ्या धड्याचं उत्तर काय खुललंय हो." बाबा म्हणाले, "पहिलं जरा फिकं." शशिकांतकाका म्हणाले, "दुसरं खुललंय खरं." मोतीबाई म्हणाल्या, "पयल्याला पोर घाबरली व्हती." मग बाबांनी मला विचारलं, दुसरा धडा कुठला, मी म्हटलं, नमुना ब, आणि बहुमताने सिद्ध झालं की माझा अभ्यास जिन्यातच चांगला होतो. पॅनेलचा निर्णय शेवटचा. म्हणून मी इथे. आता हे कोणाला सांगायचं, सांगा बरं, की दोन्ही धडे मी इथेच वाचले होते, याच पायरीवर, कारण टेबलावर त्या वेळी मामाने—

काय, बाबा?... हो... आले.